मिठाच्या वखारीतलं गाणं

बाबा, आमच्या त्या वखारीतल्या गाण्याची तबकडी निघतेय. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. वाजवणारे आम्ही चौघं होतो, तिघं तुझ्याकडे आले, उरलोय मी एकटा. म्हणून जी काही सही करायची ती मलाच करावी लागली. थकवा येतो रे अशा गोष्टींचा. जेसल पार्कची एक मुलगी येते माझ्याकडे, गोड आहे, काका काका करते. गावोगावच्या पोरांनी त्या काळात गिटारी घेऊन गोठ्यात, गोदामात, गॅरेजात जे काही बडवलं होतं ते सगळं गोळा करून ती एक मोठी तबकडी काढतेय. आपली टेप तिला ड्रमवाल्याच्या लेकीकडे माळ्यावर मिळाली.

तुला ती दुपार आठवत असेल. सत्तर-एकाहत्तर साल असेल. शेजारच्या भातगिरणीतून आम्ही वायर ओढली होती, आणि गिरणी चालू असली की वीज मंदावून टेप रडायची, म्हणून गिरणीच्या सुट्टीचा दिवस धरला होता. तुझी वखार निम्मी मिठाने भरलेली. भिंतीला खारट ओल, गिटारीच्या तारा आठवड्यात गंजायच्या. तूच मला खोबरेल लावलेलं फडकं दिलं होतंस. "मीठ लोखंडाला खातंय, पोरा. पुसत जा." वाजवण्याबद्दल एक शब्द नाही, पण फडकं मात्र दर आठवड्याला नवं.

तर आम्ही सुरू करतो, आणि दर वेळी गाडी घसरते. ड्रमवाला काठ्या आपटून वन टू थ्री फोर म्हणतो तेच इतक्या घाईत, की गाणं संपेपर्यंत आम्ही एकमेकांच्या मागे धावतोय. तू टोपल्या बघायला आत येतोस आणि कमरेवर हात ठेवून उभा राहतोस.

"लगीन कोनाचा हाय रं? नवरी पलून चालली का काय?"

ड्रमवाला म्हणतो, "काका, रेकॉर्डिंग चालू हाय, बोलू नका."

"मंग नीट मोज की. आनि येकपासून मोजनी चालू करतात का कदी? लाभ म्हनायचा आदी. मोजनारा घाई करतो तं डोकीवरचा वझा धावतो, मानूस खाली परतो."

आणि मग तू मोजून दाखवतोस, मिठागरावर टोपल्या मोजायचास तसंच, लांब सूर लावून. लाभ... दोन... तीन... चार... डोक्यावर ओझं घेतलेल्या माणसाचं पाऊल पडेल एवढी जागा प्रत्येक आकड्यामागे. ड्रमवाला गुपचूप त्यावर काठी धरतो, आणि आम्ही शिरतो गाण्यात. एकदाच नीट वाजलं ते, ते तेव्हा. टेप बंद करायची कुणाला आठवणच राहिली नव्हती, म्हणून तुझं बोलणंही त्यात आलं.

गेल्या आठवड्यात ती मुलगी आली, पाणी प्यायली. मग म्हणाली, "काका, एक प्रॉब्लेम आहे. तबकडीच्या ज्या बाजूवर तुमचं गाणं आहे, तिथे जागा उरली नाही. अर्धं मिनिट कमी करावं लागेल. सुरुवातीचं ते बोलणं आणि मोजणं काढू का? बाकी सगळी गाणी थेट वाद्यावरच सुरू होतात."

मी विचारलं, "नाहीतर?"

"नाहीतर शेवटचं कडवं कापायचं. पण ते तर तुमचं आहे, तुम्ही एकट्याने गायलंय. मला नाही बरं वाटणार."

बाबा, त्या कडव्यात माझा आवाज चांगला लागलाय. नुसता चांगला नाही, तसा तो पुन्हा कधी लागलाच नाही. पुढे नोकरी, मुलंबाळं, दोन वेळची चूल. गिटार कुणाला दिली तेही आता आठवत नाही. नातवंडांना ऐकवायला माझ्याकडे तेवढंच एक आहे. मी तिला चहा करायला लावला, म्हणजे मला खिडकीशी उभं राहता आलं. समोर इमारती. तुझी वखार नेमकी कुठल्या इमारतीखाली गेली, हे मला आता बोट दाखवून सांगता येत नाही.

तिने कप हातात दिला तेव्हा मी म्हटलं, "कडवं काप."

"नक्की काका?"

"नक्की. मोजणी नसली तर गाणं उभंच राहत नाही."

तिला पटलं. गाणं जाणणारा माणूस म्हणून तिने माझ्याकडे मोठ्या आदराने पाहिलं. पण खरं तुला म्हणून सांगतो. तिने पहिल्यांदा ती टेप लावली ना, तेव्हा ते बोलणं ऐकून मीच तिला विचारलं होतं, "हा कोण माणूस बोलतोय?"