ओडा आणि बोहारीण

३ नोव्हेंबर, सोमवार

टीव्हीवरच्या गोगलगायीपायी आज सून माझ्यावर चिडली!

संध्याकाळी माझ्या नातीचा, उर्जाचा, आवडता कार्यक्रम लागतो. लोकरीची गोगलगाय, नाव ओडा. आरडाओरडा नाही, मारामारी नाही. सावकाश चालते, थांबते आणि मुलांना विचारते — आज पोटात कसं वाटतंय? मुलं सांगतात, पोटात राग आहे, पोटात भीती आहे. ओडा कुणाला गप्प बस म्हणत नाही. आमच्या वेळी पोटात भूक आहे का, तेवढं विचारायचे. मला जर्मन कळत नाही, उर्जा मोडक्यातोडक्या मराठीत सांगते. पाच वर्षांची नात माझी दुभाषी! दिवाबत्ती करून मीही माळ घेऊन शेजारी बसते.

आज ओडाने विचारलं, तुम्ही कुठून आलात? उर्जाने मला विचारलं, मी कुठून आले? मी म्हटलं, "तुला बोहारणीकडून घेतलं. माझी दोन जुनी लुगडी दिली, तिने एक पातेलं दिलं आणि वर तू." हे माझ्या आईने मला सांगितलं, मी सत्यजितला सांगितलं. कोणाच्या घरात सांगत नाहीत?

स्वरूपा ओट्याशी होती. तिच्या हातातली पळी खाली पडली. म्हणाली, "आई, हे पुन्हा तिच्यासमोर बोलू नका." आवाज अगदी थंड. जेवताना सत्यजितही मान वर करेना.

इतकी वर्षं आधी करोना, मग ह्यांचं आजारपण. ते गेल्यावर आता पहिल्यांदा मुलाच्या घरी जर्मनीत आले. गंमतही करायची नाही?

५ नोव्हेंबर, बुधवार

त्रिपुरी पौर्णिमा. बाल्कनीत पणत्या लावल्या, वाऱ्याने एक टिकली नाही. तेल फुकट. मनाला बरं वाटलं नाही.

उर्जा विचारत होती, बोहारीण कशी दिसते? सांगितलं — डोक्यावर पाटी, दारोदार फिरते, जुने कपडे घेते, भांडी देते. म्हणाली, परत येते? येते की, म्हटलं.

पोर जेवली नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

कोपऱ्यावर जुने कपडे टाकायची मोठी लोखंडी पेटी आहे. स्वरूपाने एक गाठोडं टाकायला दिलं. जिवावर आलं, त्यात चांगली पायपुसणी झाली असती. उर्जाला घेऊन गेले. पेटीचं झाकण ओढलं, ते करकरलं, तशी ती मागे सरली. माझ्या जिभेला हाड नाही — बोलून गेले, "ही इथल्या बोहारणीची पेटी."

पोर पांढरी पडली. फुटपाथवर बसली आणि नाइन, नाइन — म्हणजे नको, नको — म्हणून ओरडायला लागली. येणारेजाणारे माझ्याकडे बघायला लागले. शेवटी उचलून आणली. चार मजले!

घरी कोणाला सांगितलं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

संकष्टी. मांडणीतली एक वाटी कमी. काल फुलपात्र गेलं होतं. भांडी मी घासते, मोजून लावते, माझी चूक होणार नाही. स्वरूपाला विचारलं तर म्हणाली, इथे कोण चोरणार, आई? तेच तर! दाराला दोन कुलपं, येणारं-जाणारं कोणी नाही. मग जातात कुठे?

नवराबायको दार लावून बोलतात. मी जवळ गेले की इंग्रजी सुरू. एकदा 'टेर्मिन' ऐकू आलं. टेर्मिन म्हणजे ठरवून भेटायची वेळ, एवढं मला येतं. डॉक्टरची? कोणाला काय झालंय? स्वरूपाच्या घशाखाली घास उतरत नाही. गणपतीला म्हटलं, जे असेल ते माझ्यावर येऊ दे.

९ नोव्हेंबर, रविवार

उर्जाचे केस विंचरताना म्हटलं, इतके कुरळे आमच्यात कोणाचेच नाहीत. स्वरूपा म्हणाली, माझ्या मामांवर गेलीय. मामांना लग्नात पाहिलंय मी — चकचकीत टक्कल! आधी असतील.

आमटीचा डावही गेला आज.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बालवाडीची कंदिलांची मिरवणूक होती. अंधारात मुलं रांगेने गात चालली होती. उर्जाने ओडाचा कंदील केला होता. मला म्हणाली, ओडाचं घर पाठीवर असतं, ते कोणी काढून घेऊ शकत नाही. मी म्हटलं, तुझंही कोण काढून घेणार आहे? तिने कंदील आणखी जवळ धरला.

रस्त्याच्या पलीकडे एक मुलगी उभी होती. हिरवी लोकरीची टोपी, आपल्याकडचीच वाटली. सगळ्या कंदिलांत उर्जाच्या कंदिलाकडेच बघत होती. आम्ही पुढे सरकलो की तीही पलीकडून तेवढीच पुढे. मला वाटलं ओळखीची असेल, हात करणार होते. स्वरूपाने माझा हात खाली दाबला. उर्जाला कडेवर घेतलं आणि मिरवणूक अर्धी टाकून घराकडे निघाली. इतक्या जोरात चालली की मला धाप लागली.

कंदील वाटेत विझला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

भांडी सापडली. केर काढताना उर्जाच्या पलंगाखाली पिशवी लागली. वाटी, फुलपात्र, डाव, चहाची गाळणी. उर्जा धावत आली, पिशवीला मिठी मारून बसली. म्हणाली, "बोहारीण येईल. मी भांडी परत देणार. मी नाही जाणार."

सत्यजित घरूनच काम करत होता. त्याला हाक मारली, म्हटलं ऐक तुझ्या लेकीचं. ऐकून तो तिथेच जमिनीवर बसला. उर्जाला स्वरूपाकडे पाठवलं आणि दार लोटलं.

"आई, तिला स्वरूपाने जन्म दिलेला नाही."

कायझर्सलाउटर्नला शिकायला आलेली एक मुलगी, कादंबरी तिचं नाव, आपल्याच तिकडची. एकटी, परदेशात बाळंत झाली, सांभाळायला जमेना. मुलांच्या सरकारी ऑफिसने तान्ही असतानाच उर्जाला सत्यजित-स्वरूपाकडे सांभाळायला ठेवली. ठेवली. दत्तक नाही! आता कादंबरीला म्युनिकला नोकरी लागलीय, घर आहे. तिला मूल परत हवंय. उद्या ऑफिसच्या बाई तिला घेऊन येणार, पहिली भेट. पुढे काय ते ऑफिस ठरवणार.

मी विचारलं, आम्हाला का नाही सांगितलंस? म्हणाला, "बाबांनी बारशाला सोन्याच्या बाळ्या पाठवल्या. मग तोंडच उघडेना."

कंदिलाच्या दिवशी कोण उभी होती ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी ओडाने नेहमीसारखं विचारलं. मी उर्जाला म्हटलं, माझ्या पोटात भीती आहे. बोहारणीची गंमत होती, ती खोटी, हेही सांगायचं होतं.  खोटी कशी म्हणू? तिने माझ्या पोटावर हात ठेवला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बेल वाजली. दारात ऑफिसच्या बाई, मागे हिरवी टोपी, टोपीतून सुटलेले कुरळे केस. कोणी काही बोलायच्या आत उर्जा भांड्यांची पिशवी ओढत आली आणि टोपीवालीपुढे धरली. सगळ्यात वर देवातली चांदीची वाटी होती. ती सकाळी पूजा झाल्यावर मीच पिशवीत ठेवली.

कादंबरीने पिशवी घेतली नाही.