किल्ली तायडेंकडे असते

१९ ऑक्टो. ६९, रवि. खंडेनवमी
कॉलेजच्या प्रयोगशाळेत बनवलेली माझी रेडिओवर चालणारी छोटी होडी घरी आणली. रिलेचं, म्हणजे मोटरला वीज जोडणाऱ्या खटक्याचं, झाकण उघडंच ठेवलंय, रोज लावा-काढा कोण करणार. आईला पूजेला माझी सगळी हत्यारं हवी होती. पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, डाग द्यायची कांडी. होडीही मागितली. दिली. संध्याकाळी बघतो तर नाकाडावर हळदकुंकू, वर झेंडू. पुसलं. बी.एस्सी. होऊन हेच बघायचं.

२१, मंगळ.
होडी परत प्रयोगशाळेत. ट्रान्समीटरचं बटण दहादा दाबलं, मोटर आठदा फिरली. सेल उतरले असतील. क. सरांनी (विभागप्रमुख, होडीचे ‘मार्गदर्शक’, आजवर तिला बोट न लावलेले) विचारलं, परवा चालेल ना? चालेल म्हटलं. कुलूप लावून किल्ली शिपाई तायडेंकडे दिली.

२३, गुरु.
फजिती. मेहरूण तलाव, मांडव, संस्थेचे अध्यक्ष, हार, क. सरांचं वीस मिनिटं भाषण. मग मी बटण दाबलं. होडीत रिले टक् वाजला. मोटर ढिम्म. पुन्हा टक्. ढिम्म. वाऱ्याने होडी शेवाळात जाऊन बसली, मी विजार वर करून त्या घाणीत उतरलो. अध्यक्ष म्हणाले, “पाण्याला भिते वाटतं.” सगळे हसले.
क. सर लालेलाल. “कोणी हात लावला हिला?”
मी म्हटलं, “खोलीची किल्ली तायडेंकडे असते.”
यात एक अक्षर खोटं नाही.

२४, शुक्र.
तायडेंना मेमो. बारा वर्षं प्रयोगशाळा सांभाळणारा माणूस. काचेची नळी फुटली तरी स्वतः येऊन सांगतो. दुपारी दारात उभे राहिले. “सर, मी तिले हात बी लायेल नई शे. तुमले ठाऊक शे.”
मी सेल मोजत असल्यासारखं केलं.

२७, सोम.
ट्रान्झिस्टर बदलला. एरियल वीतभर वाढवली. मोटरचे ब्रश घासले. नवे सेल. टक्, ढिम्म. टक्, ढिम्म. या आवाजाची शिसारी बसलीय, भिंतीवर पाल चुकचुकली तरी दचकतो.
तायडेंची बदली. संस्थेच्याच धुळ्याच्या शाळेत, आजपासून. बायको-मुली इथेच. नवीन शिपायाला बीकर आणि बादलीतला फरक कळत नाही.

२९, बुध.
सापडलं. आणि आधी का नाही सापडलं म्हणून स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. टक् वाजतं म्हणजे संदेश रिलेपर्यंत पोचतोय. मग मी इतके दिवस रिलेच्या अलीकडचं सगळं काय बदलत बसलो? पलीकडची मोटर, सेल बघून झालेले. उरले फक्त रिलेचे दोन टिकले, जे एकमेकांना चिकटले की मोटरला वीज मिळते. मधून कोरा कागद ओढला. कागदावर लाल-पिवळा पट्टा.
हळदकुंकू. आमच्या देवघरातलं.
मोटर दहाला दहा.

तसाच क. सरांकडे. कागद दाखवला. म्हणाले, “म्हणजे शिपायानेच पूजा केली.” मी सांगितलं, तायडेंनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्याला तेरा वर्षं झाली, ते कुंकवाला शिवत नाहीत, अख्ख्या कॉलेजला माहीत आहे. कुंकू माझ्या घरचं.
“चालतेय ना आता? मग उगाच उकरू नका. सोमवारी अध्यक्षांना परत बोलावतोय.”
‘बरं’ म्हणून बाहेर आलो. त्यांचा राग आला, पण किळस माझीच.

१ नोव्हें., शनि. धुळे
पहिल्या एस.टी.ने. तायडे शाळेच्या फाटकात स्टुलावर. मला बघून उठले. हे उठणंच सहन होईना. समोरच्या हॉटेलात बसलो, चहा त्यांनीच सांगितला. पहिला प्रश्न, “चालनी का होडी?”
सगळं बोललो. कुंकू, आई, किल्लीचं वाक्य. वाटलं होतं चिडतील, निदान शिवी तरी देतील, म्हणजे मी मोकळा. बशीतला चहा संपवला आणि म्हणाले,
“सर, हाई माले काय सांगी ऱ्हायनात? माले तं पहिलेच ठाऊक व्हतं. ज्यासले ठाऊक नई, त्यासले सांगा.”
चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत. परतताना पारोळ्यापर्यंत उभा होतो, नंतर जागा मिळाली तरी बसवेना.

२, रवि.
अध्यक्षांच्या नावे अर्ज लिहायला बसलो. कुंकवाचा कागद टाचणीने लावला. आईने विचारलं कसला अर्ज. सांगितलं. ती म्हणाली, “मग माझं नाव घाल की. कुंकू मी लावलं. भ्यायचं काय त्यात?”
तिचं नाव एका झटक्यात लिहून झालं. त्यापुढचं वाक्य, ‘किल्ली तायडेंकडे असते असे मीच सर्वांदेखत म्हणालो’, चारदा लिहिलं, चारदा खोडलं. ‘मीच’ काढून ‘माझ्याकडून’ केलं. शी. पुन्हा ‘मीच’.
होडी तपासली. दहाला दहा. उद्या दहाला तलाव. अर्ज शर्टाच्या खिशात, सही राहिलीय.