कुलूपबंद रिकामी पेटी

मंगळवार, संध्याकाळ

तपासणी समितीबरोबर बजाजनगरच्या मुलींच्या बालगृहात जाऊन आले, तेव्हापासून ती पेटीच डोक्यात घोळतेय.

नियम आहे, प्रत्येक मुलीला स्वतःची कुलपाची पेटी हवी. तिथं सगळ्यांना होती. अजिंठ्याकडची पूजा तर किल्ली गळ्यात घालूनच हिंडत होती. म्हटलं, उघडून दाखवतेस का? लगेच उघडली. आत काहीच नाही! परत कुलूप लावलं, ओढूनही पाहिलं. रिकाम्या पेटीला एवढा बंदोबस्त?

"यात काहीच ठेवत नाहीस?"

"नाय. दुसरी किल्ली बाईंकडं असती."

बाई म्हणजे अधीक्षक. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "ठेवावीच लागती, मॅडम. पोरी किल्ल्या हरवतात." त्यांचंही खरंच. पण मग पेटी नक्की कुणाची? नियम करताना हे कुणाच्याच मनात आलं नसेल?

निघताना राहवेना. पूजाला हळूच विचारलं, "मग तुझ्या वस्तू कुठं असतात गं?"

ती हसली. "तुमाला सांगितलं तर तुमी तिथं बी तपासताल की!"