मुशीवर नजर

१४ एप्रिल २००२, रविवार

मासा रबरी आहे! माझी खात्री आहे.

मैदानावर ‘समुद्र तुमच्या दारी’ म्हणून प्रदर्शन लागलंय. त्यांच्या टाक्यांना पाणी आमच्या मळ्यातल्या हौदाचं जातं, टँकरने. म्हणून ह्यांना फुकट पास मिळाले आणि आम्ही दोघं गेलो. बाहेर हा मोठा बोर्ड – खुनी शार्क, जिवंत! आत काचेची टाकी आणि तळाला दीड हाताचा तपकिरी मासा, अंगावर पट्टे. अर्धा तास हलला नाही. पोरं काचेवर टकटक करतायत, एक बाप तर छत्रीने ठोकत होता. तरी ढिम्म! मी ह्यांना म्हटलं, आत सेल घातलेत, संपले असतील. हे म्हणाले, “तुला देवळातला प्रसादसुद्धा वास घेऊन खायचा असतो.” घेते. का घेऊ नये?

तेवढ्यात एक माणूस शिडीवर चढला आणि त्याने पाण्यात हात घातला. तो मासा उठला की! सरळ त्याच्या तळहाताशी आला, नाक घासलं, मासळीचा तुकडा उचलला. बरं बाई, जिवंत आहे. पण मग एरवी मेल्यासारखा का पडतो? काहीतरी लपवतायत ही माणसं.

१५ एप्रिल

सुवर्णाशी वाजलं. माझीच मुलगी, पण प्राणिशास्त्र घेतल्यापासून मलाच शिकवते. म्हणे तो खुनीबिनी काही नाही, मुशी आहे. शार्कच्याच जातीची पण गरीब, कोकणात बाजारात टोपलीत मिळते. प्रदर्शनाला यायला साफ नकार. “तुम्ही बघायला जाता म्हणून ते धरून आणतात, आई. तू गेलीस म्हणजे तूही त्यातलीच.”

“मी तिकीट काढलेलं नाही!”

“पाणी कोणाचं जातं?”

पाण्याचं ह्यांनी ठरवलं, मी नाही. तसं सांगितलं तर हसली. ही वही हल्ली तांदळाच्या डब्यात ठेवते. ती वाचते असा मला संशय आहे.

१७ एप्रिल

आज परत गेले. मजा बघायला नाही – नजर ठेवायला. कोणीतरी ठेवायला नको?

चारा घालणाऱ्या माणसाचं नाव लहानू. सुरगाण्याकडचा आहे, तिशीतला, रोजंदारीवर लागलाय. समुद्र जन्मात पाहिलेला नाही आणि मुशी सांभाळतो! मी विचारलं, तुला काय कळतं रे यातलं? म्हणाला, “कळत कायबी नाय मावशी. पर भूक लागली का ती मान वर करते. तेवढं समजतं.” तिला ‘बाय’ म्हणतो. बाय, ये. बाय, खा. आणि ती येते. मला वर शिडीवर चढवलं आणि हात घालायला लावला. अंग खरखरीत, भांडी घासायच्या काथ्यासारखं. माझ्या बोटांना नाक लावून गेली. आत काहीतरी हललं माझ्या, खोटं कशाला लिहू.

पण माणूस गोड बोलतो. फार गोड. लक्ष ठेवलं पाहिजे.

१८ एप्रिल

गेले होते. खाल्लं तिने. चार तुकडे. लहानू म्हणाला, “मावशी, आमच्या गावाला या एकदा. नागलीची भाकर खिलवतो.” येते येते म्हटलं.

१९ एप्रिल, शुक्रवार

डोकं फिरलंय!

मुशीच्या टाकीचं पाणी हिरवट झालंय. काचेला शेवाळ. मी सरळ मॅनेजरला गाठलं. बाहेरगावचा आहे, गळ्यात चेन, बोटात तीन अंगठ्या. म्हटलं, पाणी बदलत नाही का तुम्ही? पैसे घेता लोकांचे, जनावराला असं गटारात ठेवता? तर तो सगळ्यांसमोर म्हणतो, “बाई, पाणी एक दिवसाआड बदली करतो. तुमच्याच हौदाला शेवाळ आहे, आम्ही काय करणार?”

आमच्या पाण्याला नावं ठेवतो! सासऱ्यांच्या वेळची विहीर आहे. झेंडू, शेवंती, मेथी सगळं या पाण्यावर. आजूबाजूला बिल्डिंगी उठल्या तरी आमच्या विहिरीने कधी तळ दाखवला नाही. चार लोक हसले तिथे. छत्रीवाला बाप होता आज पण.

घरी येऊन हौदात डोकावले. कडेला होतं थोडं हिरवं. थोडंच.

२० एप्रिल

सकाळी आधी ते काम केलं. हौदात निळं मोरचूद सोडलं. उन्हाळ्यात दरसाल सोडतोच, नाहीतर शेवाळ सुटून वाफ्यांच्या नळ्या तुंबतात. फडक्यात पुरचुंडी बांधायची, दोरीने पाण्यात लोंबकळत ठेवायची. या वेळी दुप्पट बांधली. आता बोल म्हणावं!

ह्यांनी विचारलं, एवढं कशाला? म्हटलं, ते पाणी प्यायचं थोडंच आहे कुणाला.

२२ एप्रिल, सोमवार

हौद कसा लख्ख झालाय, तळाची वीट दिसते. आजच्या टँकरबरोबर मी स्वतः मैदानावर गेले. पाणी भरलं, वर खड्या मिठाची पोती ओतली, हे त्यांचं नेहमीचं. मॅनेजर काचेसमोर उभा राहून म्हणाला, “हां, अब ठीक.” तोंडातून काढून घेतलं मी ते! परतताना रसवंतीवर बसून उसाचा रस प्यायले.

२३ एप्रिल

मलेरियावाल्यांनी डास होऊ नयेत म्हणून हौदात गप्पी मासे सोडले होते. एक दिसत नाहीये. बगळा येतो सकाळी, त्याचंच काम. नाहीतर शेजारच्या बिल्डिंगमधली पोरं जाळी घेऊन आली असणार. कंपाउंडची तार वाकलेली दिसलीच मला.

आणि मैदानावर दुसराच प्रकार. रंगीत माशांच्या दोन छोट्या टाक्यांवर कापड टाकलंय. विचारलं तर मॅनेजर म्हणतो, सफाई चालू आहे. सफाई कापडाखाली करतात का? मासे विकले असणार परस्पर. गंगापूर रोडच्या बंगल्यांमधून हल्ली घरोघरी काचेच्या पेट्या आल्यात.

२४ एप्रिल, बुधवार

मुशी खात नाही.

लहानूने हात घातला, बाय बाय केलं. आली. पण सरळ येईना, एका अंगावर कलली. तुकडा तोंडात घेतला आणि टाकला. श्वास भराभर चालला होता. अंगावर पांढुरका थर आल्यासारखा वाटला मला.

लहानू म्हणाला, “मावशी, तिला पानी झोंबतंय बघा. नवीन पानी आलं का ती काचंला तोंड घासते.”

पाणी! पुन्हा आमचं पाणी! मी त्याला झापलं. म्हटलं, असं नितळ पाणी नाशकात दुसरीकडे दाखव. मॅनेजरनेच पढवलं असणार त्याला.

निघताना एक गोष्ट दिसली. शिडीच्या मागे त्याची पिशवी, ओली, मासळीचा वास मारणारी. वरून फडकं टाकून झाकलेली. आता कळलं! तिच्या तोंडचं काढून हा घरी नेतो. ती उपाशी मरतेय आणि हा ‘बाय बाय’ करतोय. आणि मी याला भोळा समजले!

रात्री सुवर्णाला सांगितलं. ती म्हणाली, “तुला नक्की माहीत आहे का?” नक्की म्हणजे काय? पिशवी पाहिली ना मी.

२५ एप्रिल

सांगितलं मॅनेजरला. सगळं सांगितलं.

त्याने लहानूला बोलावलं, पिशवी तिथेच जमिनीवर उलटी केली. आत मासळीचे तुकडे. पण चावलेले, पांढरे पडलेले. लहानू म्हणाला, “ती थुकते सायेब. तसंच ऱ्हायलं तं पानी सडंल, म्हून मी येचून काढतो. लांब नेऊन पुरतो.” मॅनेजर ओरडायला लागला. मग लहानू माझ्याकडे वळला. “मावशी, तुमी तं रोज बघता. तुमी सांगा यांना.”

मी काही बोलले नाही. तुकडे चावलेले होते हे मला दिसलं होतं. पण सगळेच चावलेले होते का, ते कुठे पाहिलं मी? माणूस पकडला गेला की काहीही सांगतो.

त्याला तिथल्या तिथे काढला. जाताना तो शिडीवर चढला आणि टाकीत हात घातला. मॅनेजरने खाली ओढला. मग पथारी काखेत मारून गेला, मागे न बघता.

बरं झालं. आता ती खाईल.

२६ एप्रिल

नवा माणूस काठीने तुकडा ढकलतो. ती वर येत नाही.

आज टँकर दोनदा भरून नेला. मॅनेजर म्हणे, तब्येत बरी नाही तिची, पाणी लवकर लवकर बदलतोय. मी म्हटलं, न्या, हवं तेवढं न्या.

२७ एप्रिल

सुवर्णाला हात जोडले, एकदा येऊन बघ म्हटलं. म्हणाली, “मी तिकीट काढणार नाही.” म्हटलं, तुझं तत्त्व ठेव तुझ्यापाशी, ती मरतेय! तेव्हा आली. काचेजवळ खाली बसली, बराच वेळ. पोरांना टकटक करू दिलं नाही. येताना रस्त्यात माझ्या पुढेपुढे चालत राहिली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२८ एप्रिल, रविवार

गेली. सकाळी तळाला उलटी पडली होती. बोर्ड मात्र तसाच, आणि तिकिटाला रांग! मॅनेजर लोकांना सांगत होता, शार्क झोपलीय. लोक झोपलेली शार्क बघत होते.

मी तिथेच रडले. बायका बघायला लागल्या. ह्यांना सांगितलं, उद्यापासून टँकर बंद. हे म्हणाले, “आता कशाला बंद?” पण केला बंद.

तिला कोणी मारलं ते मी शोधणारच. लहानूने उपाशी ठेवून अर्धी केली, बाकीचं मॅनेजरने. त्याने भलतंच काहीतरी औषध ओतलं असणार.

३० एप्रिल

सुवर्णाने मॅनेजरशी भांडून मुशी मागून घेतली होती. गोणपाटात बर्फ घालून कॉलेजात नेली, बाटलीत टाकीचं पाणीही नेलं. आज तिच्या सरांनी सांगितलं. पोटात थोडी मासळी सापडली, उपासमारीची खूण कुठेच नाही. कल्ले जळालेले. आणि पाण्यात तांबं.

मी म्हटलं, तांब्याचं भांडं पडलं असेल टाकीत. सुवर्णा म्हणाली, “भांड्याने एवढं होत नाही. सर म्हणाले मोरचूद, त्यात तांबंच असतं. मुशीला तर चिमूटभरसुद्धा बाधतं. शेवाळ मारायला कोणीतरी पाण्यात टाकलं असणार.”

मी म्हटलं, बघ! मॅनेजर! मी म्हणतच होते!

हौदात मोरचूद सोडलं ते तिला माहीत नाही. त्या आठवड्यात तिची परीक्षा होती, मळ्यात फिरकली नव्हती.

मी स्वयंपाकघरात आले आणि दार लावून घेतलं. ते पाणी पिऊ नये एवढं मला माहीत होतं. पण ती पाण्यातच राहत होती ना!

१ मे, बुधवार

दोरी वर ओढली. पुरचुंडी रिकामी. फडकं माझ्याच जुन्या पातळाचं, निळं पडलेलं. सुवर्णाला दाखवलं.

सुरगाण्याची गाडी सहाला आहे. लहानूचं गाव तिकडे नेमकं कुठलं, ते मी कधी विचारलंच नाही.