वरचे तेवीस

वाशीम, ३ डिसेंबर १९४०, मंगळवार

आजपासून रोज लिहायचं. कुणाला दाखवायचं नाही. डोकं साफ राहतं.

उकंडराव मालकांच्या जिनिंग फॅक्टरीतलं ऑइल इंजिन जाऊन वीज आली, त्याला महिना झाला. इलेक्ट्रिक सुपरवायझर मी. अकोल्याला दोन वर्षं काम केलेला इथे दुसरा कोण आहे? दोन्ही मोटरी माझ्या पसंतीच्या, पन्नास-पन्नास हॉर्सपॉवरच्या. एक कापसातली सरकी काढणाऱ्या रेच्यांना, एक गाठी बांधायच्या प्रेसला. विकणारा म्हणत होता, पंचवीसच्या पुरतील. मी म्हटलं, आज पुरतील, उद्याचं काय?

वीज कंपनीचं पहिलं बिल आलं. युनिट बरोबर. पण खाली वेगळी ओळ : कमाल मागणी ५७ केव्हीए. तिचे पैसे वेगळे. माझ्या किलोवॅट मीटरचा काटा ३४ च्या पुढे कधी गेला नाही. म्हणजे तेवीस वरचे लावले. सरळ चोरी आहे. मालकांना सांगितलं, महिन्याभरात तेवीसच्या तेवीस उतरवून दाखवतो. मालक बरं म्हणाले.

६ डिसेंबर

लालसिंग आज शहाणपण शिकवायला आला. पूर्वी इंजिनाचा ड्रायव्हर, मानोऱ्याकडच्या तांड्यातला. आता रेच्यांना तेल देतो. म्हणे, "साहेब, ह्या मोटरी अर्ध्या रिकाम्या फिरून राह्यल्या. मोठ्या मोटरीले सोताले फिरवाचाच करंट लागते. थो युनिटात दिसत नाही, पण तारेतून तर येतेच ना." कंपनीच्या फिटरने त्याला सांगितलं म्हणे. इंजिन होतं तेव्हा रेचे आणि प्रेस एकाच शाफ्टवर चालत. शाफ्ट अजून आहे. पट्टा टाका, एक मोटर बंद करा, असा त्याचा सल्ला.

लालसिंगला वाचता येत नाही. विषय सोडून दिला.

९ डिसेंबर

स्वतः मोजलं. व्होल्ट चारशे, अँपिअर ब्याऐंशी. तीन फेजचा हिशेब पाटीवर तीनदा केला. तिन्ही वेळा सत्तावन्न.

अँपिअरचं मीटरही कंपनीनेच बसवलेलं आहे, हे नंतर लक्षात आलं.

१४ डिसेंबर

कंपनीचा इन्स्पेक्टर आला. चौतीसला सत्तावन्नने भागून दाखवलं. म्हणाला, हा तुमचा पॉवर फॅक्टर, पॉइंट सहा. काम चौतीसचंच होतं, पण तारांना आणि ट्रान्सफॉर्मरला भार सत्तावन्नचा वाहावा लागतो, त्याचे पैसे. मी विचारलं, न झालेल्या कामाचे पैसे कोण देतं? त्याने चहा संपवला. कंडेन्सर बसवला तर फरक पडेल, पण लढाईमुळे माल येत नाही. नाहीतर मोटरी लहान घ्या, म्हणाला.

स्वतःची चूक झाकायला माणूस दुसऱ्याच्या मोटरीला नावं ठेवतो.

२० डिसेंबर

उपाय सापडला. लोडच कमी करायचा. चोवीस रेच्यांपैकी सहा बंद केले. एका रेच्यावर एक बाई, म्हणून सहा बायांना सोमवारपासून येऊ नका सांगितलं. पाच जणी निघून गेल्या. सहावी धनीबाई, तिने विचारलं, आमचं काय चुकलं? तिला वरच्या तेवीसचं सगळं समजावून सांगितलं. ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "थे तेवीस आमी नेले काय?"

अडाणी माणसाला तांत्रिक गोष्ट सांगू नये. नियम करून टाकला.

घरी बायकोला, तुळसाबाईला, बातमी आधीच कळली होती. तिने ताट वाढलं आणि आत गेली. भाकरी गार होती. खाल्ली.

४ जानेवारी १९४१

बिलाची वाट न पाहता स्वतः पुन्हा मोजलं. त्रेपन्न. मीटरवर कमाल एकोणतीस. म्हणजे वरचे चोवीस. एक वाढला.

दोनदा वजाबाकी केली.

उपाय बरोबर होता, पुरता केला नाही. बारा रेचे बंद करायला हवे होते. मालक म्हणाले, कापसाच्या गाड्या दारात खोळंबतात आणि मंगरूळपीरला वळतात. तो वेगळा विषय आहे.

११ जानेवारी

कंपनीच्या हेड ऑफिसला अर्ज लिहिला. चौदा पानं. स्वतः अकोल्याला नेऊन देणार. तुळसाबाईने विचारलं, "तुमी नसले तर फॅक्टरी चालन काय?" म्हटलं, नाहीच चालणार, पण इलाज नाही.

१५ जानेवारी, अकोला

ऑफिसच्या बाकावर दिवस गेला. साहेब दौऱ्यावर.

१७ जानेवारी, अकोला

साहेब दौऱ्यावर. क्लार्कने अर्ज घेतला आणि वजन करावं तसा हातावर तोलला. पोच मागितली. उद्या या म्हणाला.

१८ जानेवारी, अकोला

पोच नाही. तरी काम झाल्यासारखं वाटतं.

२० जानेवारी

परत आलो. प्रेसची मोटर बंद. जुन्या शाफ्टवर नवा पट्टा. चोवीसच्या चोवीस रेचे आणि प्रेस, सगळं एका मोटरीवर चालू. मी निघालो त्याच आठवड्यात मालकांनी लालसिंगकडून करून घेतलं. मोटर जळणार, असं सगळ्यांसमोर सांगितलं. हात लावून पाहिला. कोमट होती. संध्याकाळी पुन्हा पाहिला. कोमट.

धनीबाई रेच्यावर होती. मी म्हटलं, बोलावलं ना शेवटी परत? ती म्हणाली, "लालसिंगदादा आला होता बलवाले." सहापैकी पाच आल्या. चंदाबाई आली नाही. महिनाभर हाताला काम नव्हतं, घरचे तिला घेऊन कुठेतरी मजुरीला निघून गेले. तिच्या रेच्यावर नवी बाई आहे. मी पुढे विचारलं नाही.

४ फेब्रुवारी

बिल त्रेपन्न. मालकांना दाखवलं, म्हटलं पट्ट्याने काही झालं नाही. लालसिंग मागे उभा होता. म्हणाला, महिन्यातला सगळ्यात मोठा आकडा धरतात, पट्टा पडायच्या आधीचे दिवस त्यात आहेत. मालक म्हणाले, या महिन्याचं येऊ दे.

हे कलम मलाही ठाऊक होतं. सांगायचं राहिलं.

४ मार्च

चाळीस! रेचे पूर्ण चालू, मीटरवर चौतीस, आणि मागणी चाळीस. वरचे फक्त सहा.

अर्ज लागू पडला. साहेब दौऱ्यावरून आलेले दिसतात. चौदा पानं वाचायला त्यांना महिना लागणारच. मालकांना हे सगळं नीट मांडून सांगितलं. अर्जाची नक्कलही ठेवली समोर. मालकांनी ती उलटी करून पाहिली, मागे काही लिहिलंय का म्हणून. मग शांतपणे म्हणाले, "इंद्रभान, एका मोटरीले सुपरवायझर कायले पाह्यजे?"

उत्तर तयार होतं. पण ते तेवढ्यात पान घ्यायला उठले.

१० मार्च

आता सरकीच्या शेडवर आहे. पोती आत किती, बाहेर किती, एवढं पाहायचं. जबाबदारीचं काम आहे. तुळसाबाईला सांगितलं, बदली झाली. ती म्हणाली, "मले मालूम हाये."

शेडला खिडकी नाही. भर दुपारी पोत्यावरचा नंबर वाचता येत नाही. एक दिवा लावायला तासाभराचं काम, मीच केलं असतं. पण स्विचरूमची किल्ली लालसिंगकडे असते. शुक्रवारी त्याला सांगितलं. म्हणाला, "लावून देतो साहेब, टाइम भेटला का."

आज सोमवार. तो मला अजून साहेब म्हणतो. उद्या पुन्हा आठवण करीन.