सुबोधदादाच्या सेटमधली सळसळ

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

शनिवारी या वहीत लिहिलं ते चूक आहे. ‘सुबोधदादाच्या वायरलेस माइकमुळे मुलुंडच्या लग्नाचा आवाज गेला’ — मी तपासलं नव्हतं. बाबा म्हणाले, मी लिहिलं. खोडत नाही. चूक दिसायला हवी.

एवढंच खरं, की बाबांनी आणि मी शूट केलेल्या त्या लग्नात नवरीच्या वनमालाआत्याने स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हटली आणि रेकॉर्डिंगमध्ये त्यांच्यावर अखंड सळसळ आहे, भजी तळल्यासारखी. आत्या पुन्हा कुठे म्हणणार! लग्न एकदाच लागतं. नवरीकडची तक्रार येताच बाबांनी शूटिंगवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं — ‘मरोळच्या सुबोधचा माइकचा सेट कोणी भाड्याने घेऊ नका.’

बुधवार, १२ नोव्हेंबर

सुबोधदादाचा फोन. ‘तीन बुकिंग गेली गं, श्रुतिका. सेट मी चारदा तपासला. काका मोठे, त्यांना काय बोलू? तूच एकदा ऐक ना यार.’

‘बघते’ म्हटलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मरोळहून सेट आणला. बाबा बाहेर गेले होते, आई झोपलेली.

चॅनल बदलला — सळसळ. केबल बदलली — सळसळ. मोबाइल जिन्यात ठेवला, वायफाय बंद — तेच. शेवटी माइकच बंद केला. तरी सळसळ! म्हणजे हवेतून काही येतच नव्हतं.

कॅमेरा बाबांनी लग्नात ठेवला तसाच होता. माइकचा आवाज पकडणाऱ्या रिसीव्हरचा आवाज अगदी खाली, कॅमेऱ्याचा पार वर; मग कॅमेरा स्वतःचीच सळसळ फुगवतो. मी उलट केलं, माइक चालू केला. स्वच्छ! स्वतःचा श्वास ऐकू आला.

आनंद व्हायला हवा होता.

रिसीव्हरचा आवाज कमी ठेवायची बाबांची जुनीच सवय, आवाज फुटू नये म्हणून. पण सळसळ कानावर आली की लगेच सुधारायचे. मी आठ वर्षांची असताना माझ्या डोक्यावर हेडफोन चढवून म्हणाले होते, ‘डोळे फसवतत गो. कान नाय.’ मला जे येतं ते याच घरात शिकले.

मग लग्नात त्यांना ऐकू कशी आली नाही?

रविवार, १६ नोव्हेंबर

आई ओरडली — ‘टीव्ही लावलाय की गणपतीचा लाउडस्पीकर? खालच्या मजल्याला बातम्या फुकट!’ बाबा हसले. मी नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

करायला नको होतं ते केलं. हेडफोनमध्ये नुसती सळसळ लावली, बोलणं काहीच नाही. ‘बाबा, नवीन केबल आणलीय. बघा ना.’ चेहरा कोरा ठेवला. पूर्वी ते ऐकताना डोळे मिटायचे. आज मिटले नाहीत. माझ्याकडे बघत म्हणाले, ‘साफ आसा.’

बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सांगितलं तर — कानाने अधू माणसाला लग्नाचं शूटिंग कोण देईल? तीस वर्षं दुसरं काही केलं नाही त्यांनी. नाही सांगितलं तर सुबोधदादाच्या नावावर डाग राहील, आणि तो मी इथे माझ्या हाताने लिहिलाय.

ग्रुपवर आज कोणीतरी सुबोधदादाची टिंगल केली. बाबांनी त्यावर लाइकचा अंगठा टाकला. मी काहीच केलं नाही. तेही चूकच.

गुरुवार, २० नोव्हेंबर

भांडुपचा साखरपुडा. सुरू करण्याआधी आवाज तपासताना मी मुद्दाम कपाळाला आठी घातली. आवाज स्वच्छ होता. बाबांनी घाईघाईने लेव्हल कमी केली.

ते ऐकत नाहीत. माझं तोंड वाचतात! मुलुंडला मी मांडवाच्या मागे, दुसऱ्या कॅमेऱ्यावर होते; वाचायला माझं तोंड समोर नव्हतं. म्हणजे ग्रुपवर ते टाकलं, तेव्हाही आपल्याला ऐकू येत नाही हे त्यांना माहीत होतं.

शनिवार, २२ नोव्हेंबर. सकाळचा चहा ठेवलाय. आधी बाबांना सांगणार, मग ग्रुपवर लिहिणार — सुबोधदादाचा सेट ठीक, चूक आमची.