उतारावरचा रूळ

मेडशी, मार्च १९४९

चि. सौ. विजयमालास,

तू बहिणीच्या बाळंतपनाले अनसिंगले गेली, अन् इकडं आमी सारे बिनमजुरीनं गावची सडक बांधून राह्यलो. गिट्टी दाबाचा इंजनाचा रूळ चालवाले मिस्त्री गोविंदसिंगानं मले शिकवलं. आज उतारावर त्यानं थांबवाचा दांडा पहिल्यांदा माह्या हाती देला. खाली मदतीले आलेले तुह्ये बाबा पाठमोरे बसून गिट्टी फोडत होते. त्याईले ऐकू येत नाई, हे मले ठाव होतं.

रूळ आपोआप पयाले लागला. दांडा हातात असून मी काय केलं? बैलाले थांबवतो तसा "हो, हो" ओरडलो! गोविंदसिंगानं मले ढकलून दांडा ओढला. बाबाच्या पाठीपासून हातभरावर रूळ थांबला.

त्याईनं वळून पाह्यलं अन् हासले. "थांबले काहून, जवाई? चालू द्या."

संध्याकाळी ते गावभर सांगत फिरले, जवाई डायवर झाला. पोरीले कळवा, म्हणाले. तेवढंच तुले धाडाले मी दुसऱ्या कागदावर लिहिलं. हा कागद रुळाच्या भट्टीत जाईन.

उद्या दुसऱ्या जागी बसा, असं मी त्याईले खुणेनं सांगतलं. तर म्हणाले, "तुमी चालवून राह्यले, मंग मले कायचं भेव?"

तुहा,
जानराव